तीन आचके

पहिला आचका मला पायाला कळला, कानाला नंतर. लिमुरूच्या चढावर, भाजक्या कणसांच्या शेगड्या जिथे सुरू होतात त्याच्या थोडे अलीकडे, अ‍ॅक्सिलरेटरखालचा जोर एकाएकी नाहीसा झाला. जिन्याला आणखी एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ते पोकळीत पडावे, तसे झाले. मग दुसरा आचका. मग तिसरा, लांबलेला, ज्यात गाडीचे सगळे अंग पुढे झुकले. त्यानंतर शांतता. टायरांखालची खडी आणि मागच्या ट्रकचा हॉर्न एवढेच त्या शांततेत ऐकू येत होते. मी गाडी डावीकडे लाल मातीत उतरवली, हातब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिलो. अंगावर राखाडी सूट होता. घड्याळात साडेदहा वाजले होते, आणि अकरा वाजता मला दादाच्या फाटकात उभे असायला हवे होते. त्याच्या मुलीला, गाथोनीला, मागणी घालायला मुलाकडची माणसे येणार होती, आणि आमच्या घरात पाहुण्यांना फाटकातून आत घेण्याचा मान मुलीच्या काकाचा असतो. सख्खा काका एकच होता. तो या चढावर बसला होता.

हे होणे शक्य नव्हते. हे तीन आचके मी ओळखत होतो. पहिला तोकडा, दुसरा तोकडा, तिसरा लांब. दीड वर्ष मी ते ऐकले होते, झोपेतसुद्धा ऐकले होते. पण ते आचके जुन्या इंजिनाचे होते, आणि ते इंजिन मी आठ महिन्यांपूर्वी या गाडीतून उपटून काढले होते. पाचशेचार मॉडेलच्या या गाडीच्या पोटात आता जपानहून आलेले वेगळेच इंजिन होते: वेगळा कार्ब्युरेटर, वेगळी कॉइल, वेगळी वायरिंग. मेलेल्या माणसाचा खोकला दुसऱ्याच कुणाच्या छातीतून यावा, तसा तो आवाज माझ्या समोरच्या बॉनेटखालून आला होता. मला अजून राग आलेला नव्हता. राग यायला गोष्ट आधी कळावी लागते, आणि ही गोष्ट कळून घ्यायला मी तयार नव्हतो. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन फिरले, पेटले नाही. बरोबर. पंधरा मिनिटे थांबले की पेटेल आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात चालू लागेल. हेही मला माहीत होते.

शेजारून माणसांनी भरलेली एक मटाटू व्हॅन चढत गेली. दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरने माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले. "ओ मास्तर," तो ओरडला, "म्हातारीला नवे दात बसवलेत म्हणे! चावता येतंय का?" आतली माणसे हसली. मी मास्तर आहे हे त्याला सुटावरून कळले की आमच्या पंचक्रोशीत या गाडीची कथा पसरली होती, हे मला ठाऊक नाही. मी बुरुबुरूच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. शनिवार-रविवार घरामागच्या अंगणात जुन्या गाड्या खोलतो. धंदा म्हणून नाही. एखादा माणूस बुद्धिबळ खेळतो तसा. दोष शोधायचा, एकेक शक्यता खोडत जायचे, शेवटी जी उरेल ती पकडायची. मला ते येते. शेजारपाजारचे लोक गाड्या घेऊन माझ्याकडे येतात ते यासाठीच, आणि मला त्याचा अभिमान होता. होता, असे मी आता म्हणतो.

ही गाडी वडिलांची. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि इंजिन थकले तेव्हा मी ते दादाकडे नेले, कारण दादासारखे इंजिन बांधणारा माणूस मी पाहिलेला नाही. गिथाइगाने, म्हणजे माझ्या दादाने, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे फिटर म्हणून काढली. मी शाळेत होतो तेव्हा शनिवारी त्याचा डबा घेऊन जायचो आणि तो मला पिस्टनची कडा बोटाच्या पेराने तपासायला लावायचा. "डोळा फसवतो रे," म्हणायचा, "बोट फसवत नाही." निवृत्त झाल्यावर त्याच्या हातांना थोडा कंप आला होता. थोडा. कप उचलताना दिसायचा, पाना धरला की जायचा. त्या कंप पावणाऱ्या हातांनी त्याने तीन महिने खपून ते इंजिन बांधले. गाडी परत आली तेव्हा ती शिवणयंत्रासारखी चालत होती. दोन महिने चालली. मग एका रविवारी याच चढावर तीन आचके बसले.

त्यानंतर मी काय काय केले ते सांगायचे तर एक वही भरेल, आणि खरोखरच मी वही भरली होती. प्लग बदलले. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बदलली. कार्ब्युरेटर तीनदा उकलला. पेट्रोलचा पंप बदलला, गाळणी कापून पाहिली; ती स्वच्छ होती. सपाटीवर गाडी ठणठणीत. चढावर, दहा-बारा मिनिटांनी, आचके. प्रत्येक रकान्यावर मी काट मारत गेलो आणि शेवटी एकच रकाना उरला: इंजिन स्वतः. मग एका शनिवारी मी सिलिंडरांतला दाब मोजला. चारही सिलिंडरांत तो कमी निघाला, चारही ठिकाणी जवळजवळ सारखाच कमी. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. नव्या रिंगा दोन महिन्यांत जात नाहीत. म्हणजे त्या नीट बसल्याच नव्हत्या. म्हणजे दादाचे हात.

मी हे त्याला एकट्याला सांगू शकलो असतो. ते करायला हवे होते हे मला त्या वेळीही कळत होते. मी मूर्ख नाही. पण ईस्टरला सगळे घर दादाच्या अंगणात जमले होते, बोकड भाजत होता, आणि आमच्या चुलतभावाने, वांजोहीने, हसत हसत विचारले, "काय रे मुचोकी, म्हातारी अजून धापा टाकते का?" आणि माझ्या तोंडून ते निघाले. आधी आकडे निघाले, ते मी पाठ म्हणून दाखवले. मग मी दादाकडे वळलो. "दादा, तुझे हात आता संपले," मी म्हणालो. "मान्य कर. यात लाज नाही. पण दुसऱ्याचं इंजिन आता हातात घेऊ नकोस." पंचवीस-तीस माणसे होती. हाड चोखण्याचे आवाज थांबले. दादाने मला एकच प्रश्न विचारला, अगदी शांतपणे, वर्कशॉपमध्ये विचारावा तसा: "दाब मोजताना अ‍ॅक्सिलरेटर कुणी दाबून धरला होता?" मी म्हणालो, "मी एकटाच होतो. कुणाची गरज नव्हती मला." माझ्या स्वरात असे काही होते की दोघेतिघे हसले. दादाने मान हलवली, हातातला सुरा पाटावर ठेवला, आणि मांस कापायला वांजोहीला बोलावले.

तेव्हापासून मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. आठ महिने मी अंगणात ते इंजिन बदलत होतो, आणि आज मला वाटते की ते काम मी रागानेच केले. कुणावरचा राग, हे त्या वेळी विचारले असते तर दादावरचा असे मी म्हणालो असतो. त्याने भांडण केले नाही, शिवी दिली नाही, याचा राग. नवे इंजिन जुन्या चौकटीत बसत नव्हते. आधाराच्या पट्ट्या नव्याने कापून वेल्ड केल्या, गिअरबॉक्सशी जोडणारी पोलादी थाळी बनवून घेतली, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून तोकडा केला. नखे काळी पडली, एक नख गेले, पाठ धरली. बायको म्हणायची, "एवढ्या वेळात तू चालत लिमुरूला जाऊन आला असतास." जुने इंजिन मी किरिन्यागा रोडच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकले होते. त्याने ते माझ्यासमोरच फोडले. घण घातला, ओतीव लोखंड दुभंगले आणि सिलिंडरांची आतली भिंत उन्हात उघडी पडली. तिच्यावर तिरप्या रेघांची जाळी होती, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा, ज्या सिलिंडर नव्याने घासला की उमटतात आणि इंजिन झिजले की पुसून जातात. त्या जशाच्या तशा होत्या. दादाने काल घासल्यासारख्या. मी त्या पाहिल्या. मी खाली वाकून पाहिल्या. आणि मग उजेड तिरपा पडलाय म्हणून तसे दिसते असे मनाशी म्हणून मी तिथून निघून आलो.

लाल मातीत उभ्या गाडीत बसून मला त्या रेघा दिसत होत्या. मी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडले. कणसे भाजणारी बाई पंखा थांबवून बघत होती. "पाणी हवंय का, बाबा?" तिने विचारले. नको म्हणालो. "तापली असेल. माणसाचंही तसंच असतं, चढावर." तिला गप्प करावेसे वाटले. पेट्रोल येत नव्हते. पंपाखालची काचेची वाटी कोरडी होती. दीड वर्षात मी ही काच गाडी बंद पडल्याच्या त्या क्षणी कधी पाहिलीच नव्हती. नेहमी घरी, अंगणात, थंड डोक्याने, सावकाश. आणि घरी ती भरलेली असायची. टाकीकडून येणारी नळी मी पंपावरून सोडवली, तोंडात धरली आणि जोराने फुंकले. आधी काहीच होईना. गाल दुखले, डोळ्यांत पाणी आले. मग काहीतरी सुटले; मागे, टाकीच्या बाजूला, बुडबुडे फुटल्याचा आवाज आला आणि पेट्रोल उलट येऊन माझ्या तोंडात, शर्टावर सांडले.

मी थुंकत मागे गेलो. टाकीचे झाकण काढले, कुंपणाची एक तार तोडून तिला आकडा केला आणि आत घालून ढवळले. तिसऱ्या खेपेला आकड्याला काहीतरी लागले. ते बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा ते काय आहे हे मला समजेना: राखाडी, मऊ, ओले, तळहाताएवढे, तापवलेल्या दुधावरून काढलेल्या सायीसारखे. आणि मग समजले. तो रंग होता. दादाकडे इंजिन होते त्या तीन महिन्यांत मी स्वस्थ बसलो नव्हतो. टाकी उतरवून आतला गंज मी आम्लाने काढला होता आणि आतून दोन घटकांचा रंग ओतून त्याचा थर बसवला होता. रसायनशास्त्राच्या माणसाचे काम. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की टाकी पूर्ण कोरडी असल्याखेरीज रंग ओतू नये. जुलै होता, नैरोबीच्या जुलैत ऊन असते कुठे? मी दोन दिवस थांबलो आणि पुरे म्हटले. थर धरलाच नव्हता. त्याच्या साली सुटत होत्या, चढावर इंजिन जोराने पेट्रोल ओढू लागले की एखादी साल तरंगत येऊन नळीच्या तोंडावर बसत होती, इंजिन उपाशी मरत होते, आणि ओढ थांबली की ती साल निवांत तळाला जात होती. एवढेच. दीड वर्ष. गाळणी स्वच्छ होती, कारण एवढी मोठी साल नळीत शिरतच नव्हती.

आणि दाब. त्याच क्षणी, तार हातात असताना, मला दाबाचेही कळले, जणू दादाने तो प्रश्न आताच पुन्हा विचारला. त्या शनिवारी मी बॉनेटखाली वाकून स्टार्टरला बाहेरून तार लावून इंजिन फिरवले होते. अ‍ॅक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नव्हता. हवेचा पडदा बंद होता. जिथे हवाच आत येत नाही तिथे दाब कशाचा होणार? म्हणून चारही आकडे कमी होते, म्हणूनच ते सारखे होते. हे मी नववीच्या मुलांना सायकलच्या पंपावर बोट धरून शिकवतो. दादाला तो प्रश्न विचारतानाच उत्तर माहीत होते. माहीत असून तो गप्प बसला. मी गाडीच्या मागच्या चाकाला लाथ मारली, मग पुन्हा मारली. बूट पुसून आणलेले होते. तू का नाही ओरडलास? तुला माहीत होते तर सगळ्यांसमोर माझे थोबाड का नाही फोडलेस? सुरा खाली ठेवतोस, मान हलवतोस, थोरल्या भावाचे मोठेपण दाखवतोस. मी आठ महिने इंजिन बदलले, अरे, आठ महिने. आणि हे सगळे मनात बोलत असताना मला नीट कळत होते की मी माझा दोष अजूनही त्याच्याच हातात ठेवायला बघतो आहे. ते कळल्याने राग कमी झाला नाही. कोट घालताना बाहीची शिवण उसवली तेव्हा मी त्या शिंप्यावरही रागावलो.

नळी परत जोडल्यावर गाडी पेटली, पण पोहोचायला पावणेबारा झाले. फाटकात वांजोही उभा होता, पाहुण्यांना त्यानेच आत घेतले होते. "या, या, काकासाहेब," तो म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही मुलाकडच्यांबरोबर येताय." मग नाक मुरडले. "हा काय वास? पेट्रोल प्यायलास की काय? आपल्याकडे मधाची दारू आहे रे, एवढी वेळ आली नाही अजून." मी आत गेलो. अंगणात कनाती लावल्या होत्या, एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही. दादा मधल्या खुर्चीत बसला होता. तपकिरी कोट, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशांत. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शेजारची रिकामी खुर्ची हनुवटीने दाखवली. खिशातून हात काढला नाही.

मी बसलो. मुलाकडून बोलणारे काबोगो नावाचे गृहस्थ उंच, वाळकुडे, एके काळी मोंबासाच्या वाटेवर ट्रक चालवलेले; ते बोलत होते, तुमच्या रानात आमच्या मुलाने एक हरिणी पाहिली वगैरे, आणि आमच्याकडचे लोक ठरल्याप्रमाणे न समजल्यासारखे करत होते. मग पेय आणले गेले. मुलीच्या बापाने भोपळ्याच्या तुंब्यातून शिंगात ओतून समोरच्या वडीलधाऱ्यांना द्यायचे असते. माझ्या बहिणींच्या वेळी वडिलांनी दिले होते, ते मला आठवते, त्यांनी एक थेंब सांडला नव्हता. दादाने हाक मारली, "वांजोही." वांजोही आला आणि त्याने भोपळा उचलला. समोर कुणीतरी दुसऱ्याच्या कानाशी लागले. दादा सरळ पुढे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याची दाढी कुणीतरी दुसऱ्याने केली आहे. कानाजवळची रेघ फार सरळ होती, न्हाव्याची. आणि मला ईस्टरचा तो पाट आठवला. मांस कापायला वांजोही. पाहुणे घ्यायला वांजोही. ओतायला वांजोही. मी एक वाक्य बोललो होतो आणि त्या वाक्याने हा माणूस आपल्याच अंगणात पाहुणा झाला होता.

मी उभा राहिलो. मध्येच उभे राहण्याची ही वेळ नव्हती. पण आमच्याकडे बोकडाभोवती बसलेल्या माणसांसमोर जे बोलले जाते ते बोकडाभोवतीच परत घ्यावे लागते. भिंतीआड घेतलेले धरत नाहीत. "मला काही सांगायचंय," मी म्हणालो. "ईस्टरला मी इथे म्हणालो होतो की दादाचे हात संपले. गाडी चढावर बंद पडायची आणि थोड्या वेळाने पुन्हा चालायची, तो दोष दादाच्या कामाचा नव्हता. टाकीत होता. टाकी मी रंगवली होती. मोजमापही मी चुकीचं घेतलं होतं. इंजिन चांगलं होतं. ते मी फोडून टाकलं."

मग काबोगोंनी घसा साफ केला. "आम्ही मुलगी मागायला आलोय, बाबांनो," ते म्हणाले, "गाडी नको आम्हाला." हशा झाला. हशा ओसरल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पण चढावर मरून पुन्हा जगते, आणि तू पहिल्यांदा टाकी नाही पाहिलीस? मास्तर, आमच्यात क्लीनरला सुद्धा कळतं हे." पुन्हा हशा. मी तो घेतला. मी दादाकडे पाहिले, त्याने काहीतरी म्हणावे म्हणून. शिवी चालली असती. "बस खाली," दादा म्हणाला. "आज माझ्या मुलीचा दिवस आहे." बोलणी पुढे सुरू झाली. मला वाटले होते की बोलल्यावर हलके वाटेल. उलट मला त्याचा इतका राग आला की कानांत आवाज येऊ लागला. मी सगळ्यांसमोर स्वतःची सालटी काढली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती.

जेवणे सुरू झाली तेव्हा तो उठून गोठ्यामागे गेला. मी मागोमाग गेलो. "तुला माहीत होतं," मी म्हणालो. "त्याच दिवशी माहीत होतं. मग बोलला का नाहीस?"

"काय माहीत होतं?"

"दाब चुकीचा घेतला ते."

"ते माहीत होतं."

"मग?"

त्याने खिशातून हात काढले. मी ते आठ महिन्यांनी पाहत होतो. उजवा हात, कशाला न धरता, आपल्यापुरता हलत होता, पूर्वीपेक्षा जास्त. "आकडे चुकीचे होते म्हणजे रिंगा बरोबर बसल्या होत्या असं कुठे होतं?" तो म्हणाला. "रात्री पडल्या पडल्या मी ते इंजिन मनात उकलायचो. दुसरा पिस्टन बसवताना हात एकदा घसरला होता. मग नीट बसवला. पण नीट बसवला का? अर्धी खात्री होती, मुचोकी. उरलेली अर्धी तुझ्याकडून मिळेल म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, कुणाची गरज नव्हती मला." आवाज अजून चढलेला नव्हता. पण पुढचे शब्द दातांतून आले. "मी तुझं खरं मानलं, गाढवा. तुला शिकवलं कुणी? मी. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा म्हणतो हात संपले, तर संपले. हत्यारं देऊन टाकली. खिळा मारायला माणूस बोलावतो मी. आणि आज तू गाडी दामटत येतोस, पेट्रोलचा वास घेऊन, आणि म्हणतोस, चुकलं. सगळ्यांसमोर म्हणतोस. बरं वाटलं ना तुला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मला सांगून काय उपयोग? त्या म्हाताऱ्यांना सांगून काय उपयोग? घरात जा. न्यागुथीला सांग."

स्वयंपाकघरात दहा-बारा बायका होत्या, धूर होता, पातेल्यांचा आवाज होता. न्यागुथीवहिनी चुलीपाशी बसून चहा गाळत होती. मी दारात उभा राहिलो आणि अंगणात म्हणालो होतो तेच पुन्हा म्हणालो. या वेळी ते लांबलचक आणि वेडेवाकडे झाले, टाकी आणि पडदा आणि साल यांची सरमिसळ झाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "भाऊजी," वहिनी म्हणाली, "मला गाडीतलं काही कळत नाही. एवढं सांगा. त्यांच्या हातांना काही झालेलं नव्हतं?"

"थोडा कंप होता. आधीपासूनचा. कामाला नड नव्हती त्याची."

तिने गाळणे खाली ठेवले. "आठ महिने मी त्यांना अर्धा पेला चहा देते," ती म्हणाली. "सांडू नये म्हणून. त्यांनीच सांगितलं, अर्धाच दे. मग दोनदा द्यावा लागतो. पाहुणे आले की दुसऱ्यांदा मागत नाहीत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आठ महिने हा माणूस पोटभर चहा प्यायला नाही, भाऊजी. आणि तुम्ही मला पिस्टन सांगताय."

तिने कल्हईचा मोठा पेला घेतला आणि काठोकाठ भरला, इतका की वरचा पृष्ठभाग काठापेक्षा फुगल्यासारखा दिसत होता. तो माझ्या हातात दिला. "न्या," ती म्हणाली. "सांडू नका."

पेला तापलेला होता. मी तो दोन्ही हातांनी धरून अंगणातून निघालो. खुर्च्यांमधून, मुलांमधून, मांसाच्या परातींमधून. लोक बाजूला होत होते. दहाव्या पावलाला चहा माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत गेला आणि मी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. दादा परत येऊन आपल्या खुर्चीत बसला होता, समोर काबोगो काहीतरी सांगत होते. मी पेला त्याच्यापुढे धरला. त्याने पेल्याकडे पाहिले, तो किती भरला आहे ते पाहिले, मग माझ्या ओल्या बाहीकडे पाहिले. काबोगो बोलायचे थांबले. दादाने दोन्ही हात पुढे केले आणि पेला घेतला. मी तिथेच उभा राहिलो.

"तिकडे बघ," तो म्हणाला.

"काय?"

"तिकडे तोंड कर. मी पितोय. बघू नकोस माझ्याकडे."

मी पाठ फिरवली. समोर कनातीची निळी कड होती आणि तिच्यापलीकडे चहाचे मळे उतरत गेले होते. काबोगोंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, मोंबासाचे काहीतरी. मागे एक घोट झाला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावरून मला काहीही कळले नाही.